संदेश-सहायक सखाहरी आणि एकशे वीस फोन

पिंपरूळ गावात एक भोळा शिपाई होता. नाव सखाहरी लोंढे. भोळी माणसं तशी गावोगाव असतात आणि गाव त्यांना सांभाळून घेतं. सखाहरीला विद्यापीठ सांभाळून घेत होतं, एवढाच फरक.

विद्यापीठ म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणचं, कारंजंबिरंजं असलेलं नव्हे. पिंपरुळात त्याचं एक दूरशिक्षण केंद्र होतं. दोन खोल्या, एक सभागृह आणि एक घंटा. कधीकाळी शाळा सुटलेले, नोकरीत नाहीतर संसारात अडकलेले एकशे वीस जण तिथे नाव घालून बी.ए. करत होते. रविवारी वर्ग भरायचा. बाकीचे सहा दिवस पुस्तक घरात आणि माणूस कामावर.

सखाहरी प्रामाणिक होता. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचा. आधीच्या केंद्रप्रमुखांनी त्याला बजावलं होतं, "पाच वाजले की कुलूप लाव. मग कुणी काही म्हणो." पाच वाजले तेव्हा साहेब मागच्या संडासात होते. आतून ते बरंच काही म्हणत होते. सखाहरीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि कुलूप लावलं. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले आणि आठवड्याभरात बदली करून घेऊन गेले.

त्यांच्या जागी डॉ. शैलजा बर्गे आल्या. बर्गे मॅडम हुशार, कष्टाळू, आणि शिपायालाही 'अहो सखाहरी' म्हणणाऱ्या. आयुष्यात त्याला 'अहो' म्हणणारं हे पहिलंच माणूस. एवढ्या एका शब्दावर तो मॅडमसाठी विहिरीत उडी टाकायला तयार होता. तसं त्याला कुणी सांगितलं नाही, हे नशीब.

मॅडम रुजू झाल्या आणि महिन्याभरात विद्यापीठाचं पत्र आलं. लहान केंद्रं बंद करायची आहेत, असं त्यात होतं. पण एक वाट ठेवली होती. 'मोबाइल संदेशांद्वारे अध्ययन-साहाय्य' नावाची योजना होती. विद्यार्थ्यांना रोज एक मेसेज पाठवायचा, अभ्यासाची आठवण द्यायची. वर्षाच्या आत एकशे वीसपैकी किमान शंभर जणांनी मेसेज वाचल्याचं दिसलं, तर केंद्र राहील. नाही दिसलं, तर विद्यार्थ्यांनी सत्तर किलोमीटरवरच्या जिल्हा केंद्रात जावं. विद्यार्थी शिकतात का, हे पत्रात कुठेही विचारलं नव्हतं. मेसेज वाचतात का, एवढंच.

सत्तर किलोमीटर म्हटल्यावर अर्धा वर्ग घरीच बसणार होता. धुरपदाबाई कोकरे अंगणवाडीसेविका होत्या, वय चव्वेचाळीस, इंग्रजीच्या पेपरात चौथ्यांदा नापास. त्या मॅडमना म्हणाल्या, "हितं येते ती सासूला दळनाला जाते म्हनून सांगून येते. जिल्ह्याला जाऊन कुटलं दळान दळून आनू?"

मॅडमनी ते मनाला लावून घेतलं. केंद्र राहिलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं.

योजनेत 'संदेश-सहायक' असं एक पद होतं. त्याला पगार नव्हता, पण पद होतं, आणि ते केंद्रप्रमुखाने स्वतःकडे ठेवू नये असं कलम होतं. केंद्रात केंद्रप्रमुख सोडून एकच माणूस होता.

असा सखाहरी संदेश-सहायक झाला. फोनवर गट तयार झाला. त्यात एकशे वीस विद्यार्थी, मॅडम, सखाहरी आणि देखरेखीसाठी कुलसचिवांच्या कार्यालयाचा एक नंबर. मेसेज कुणी कुणी वाचला ते फोन सांगतो. तो आकडा सखाहरी रोज सकाळी वहीत लिहायचा. कुलसचिवांच्या कार्यालयाने कधीच काही वाचलं नाही. त्यांचं काम देखरेखीचं होतं.

"मी तुमच्या फोनवर मजकूर पाठवीन," मॅडम म्हणाल्या. "तो आला तसा गटावर टाकायचा. एक अक्षर बदलायचं नाही."

"बरं म्याडम. ध्यानात ऱ्हाईल."

आणि सखाहरीच्या ध्यानात राहायचं. तीच तर खरी अडचण होती.

पहिले आठ दिवस बरे गेले. 'आज प्रकरण दुसरे वाचा,' असा मेसेज गेला. एकतीस जणांनी वाचला. प्रकरण किती जणांनी वाचलं, ते फोन सांगत नाही.

नवव्या दिवशी मॅडमच्या घरी अचानक पाहुणे आले. त्यांनी सखाहरीला लिहिलं, 'उद्या येताना एक डझन केळी आणा. पिकलेली बघून घ्या.' सखाहरीने एक अक्षर न बदलता ते गटावर टाकलं.

दुसरा दिवस रविवारचा. फाळके कंडक्टर, तेही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, एसटीतून उतरले ते पिशवीभर केळी घेऊन. मागून धुरपदाबाई आल्या पदराआड केळी धरून. कुणाला वाटलं अर्थशास्त्राचं प्रात्यक्षिक आहे, कुणाला वाटलं केंद्रात सत्यनारायण आहे. एकाने तर प्रसादाचं तबकही आणलं होतं. दुपारपर्यंत चौऱ्याहत्तर डझन केळी जमली. वर्ग केळी खाण्यात गेला. पाहुण्यांना मात्र एकही मिळालं नाही, कारण केंद्रातली केळी मॅडमच्या घरी न्यायची असं सखाहरीला कुणी सांगितलं नव्हतं.

"अहो सखाहरी," मॅडम म्हणाल्या, "ते माझं घरचं काम होतं. गटावर टाकण्याआधी विचार करायचा की हे अभ्यासाचं आहे का. अभ्यासाचं असेल तरच टाकायचं."

"बरं म्याडम. ध्यानात ऱ्हाईल."

त्याने वहीत आकडा लिहिला. चौऱ्याहत्तर. प्रकरण दुसरे, एकतीस. केळी, चौऱ्याहत्तर. मॅडम त्या वहीकडे बराच वेळ बघत बसल्या.

पुढच्या महिन्यात सभागृह एका लग्नाला दिलं होतं. मॅडमनी मजकूर पाठवला, 'या रविवारी वर्ग सभागृहात नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे.'

सखाहरीने विचार केला. यात धडा नाही. प्रश्न नाही, उत्तर नाही. जागेचा काय अभ्यास करायचा? त्याने टाकलं नाही.

रविवारी विद्यार्थी वह्या घेऊन सभागृहावर आले. दारात कुणीतरी अत्तर लावलं, हातावर अक्षता ठेवल्या. विद्यापीठाने नवं काही सुरू केलं असेल म्हणून सगळे शिस्तीत रांगेने जाऊन बसले. वराकडच्यांना वाटलं ही वधूकडची माणसं, वधूकडच्यांना वाटलं वराकडची. मग काय, जेवणात दोन्हीकडून आग्रह. फाळके कंडक्टरांनी तर दुसऱ्या पंगतीला जिलेबी वाढायला घेतली. सवयीने ते "चला, मागं सरका, मागं जागा हाय" म्हणत वाढत होते.

तिकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत बाहेरगावहून आलेले एक प्राध्यापक रिकाम्या बाकांपुढे तासभर बोलले. विषय होता 'ग्रामीण समाजातील संदेशवहन'.

"अहो, जागा बदलली, वेळ बदलली तर कळवायला नको का?" मॅडम म्हणाल्या. "ते तर सगळ्यात महत्त्वाचं. महत्त्वाचं असेल ते एकदा नाही, तीनदा टाकायचं. एकदा टाकलेलं कुणी वाचत नाही."

"म्हत्त्वाचं म्हंजी तीनदा. ध्यानात ऱ्हाईल, म्याडम."

नंतर आला इंग्रजीचा स्वाध्याय. मजकूर होता, 'प्रत्येकाने पंधरा पानांचा स्वाध्याय लिहून आणावा. महत्त्वाचे.' महत्त्वाचे असं मॅडमनी स्वतःच लिहिलं होतं. सखाहरीने तीनदा टाकलं.

पुढच्या रविवारी मॅडमच्या टेबलावर एक्क्याऐंशी जणांच्या दोनशे त्रेचाळीस वह्या आल्या. टेबलाचा एक पाय आधीच अधू होता, तो गेला. काही जण रागावले, दोघांनी तर नाव काढून घेण्याची भाषा केली. धुरपदाबाई तेवढ्या शांत होत्या.

"पयला ल्हिला तवा काय बी कळलं न्हाई," त्या म्हणाल्या. "दुसरा ल्हिला तवा जरा उजेड पडला. तिसऱ्याला समदं पाठ झालं. पर आता चौथा नगा सांगू."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "सखाहरी, माणसं दमली आहेत. त्यांना धीर द्यायला हवा. कुणी गटावर काही कळवलं की आपण दोन गोड शब्द लिहायचे. 'शाबास. असेच चालू ठेवा. केंद्राला तुमचा अभिमान आहे.' एवढं पाठ करून ठेवा."

सखाहरीने तिथेच उभ्या उभ्या पाठ केलं. घरी जाऊन बायकोला म्हणून दाखवलं. ती चुलीपुढे बसली होती. तिला लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी शाबास म्हणालं होतं. तिने त्या दिवशी भाकरीला जास्त तूप लावलं.

चार दिवसांनी गटावर फाळके कंडक्टरांनी लिहिलं, 'माझे वडील काल वारले. पंधरा दिवस वर्गाला येता येणार नाही.'

सखाहरीने लगेच लिहिलं, 'शाबास. असेच चालू ठेवा. केंद्राला तुमचा अभिमान आहे.'

हा मेसेज शहाण्णव जणांनी वाचला. चार कमी पडले.

पंधरा दिवसांनी फाळके केंद्रात आले. डोकं भादरलेलं, टोपी हातात. सखाहरीपुढे येऊन ते उभे राहिले.

"लोंढे," ते म्हणाले, "माझा बाप गेला. मी काय चालू ठिवू?"

सखाहरीने बाक पुसून त्यांना बसायला दिलं आणि स्वतःही शेजारी टेकला. तो दुष्ट नव्हता हो. त्याला एकच वाक्य शिकवलं होतं आणि तेवढं त्याने मनापासून लिहिलं होतं. मग फाळक्यांनीच त्याला पाणी आणून दिलं.

मॅडमनी फाळक्यांची हात जोडून माफी मागितली आणि सखाहरीला दुसरं वाक्य शिकवलं. 'ऐकून फार वाईट वाटले. हा आघात सहन करण्याची शक्ती ईश्वर आपणास देवो.' "असं लिहायचं असतं," त्या म्हणाल्या.

"असं ल्हियाचं. ध्यानात ऱ्हाईल."

आता तुम्ही ओळखलंच असेल. दिवाळीच्या आधी झालेल्या परीक्षेचा निकाल लागला. धुरपदाबाईंनी गटावर लिहिलं, 'इंग्रजीत पास झाले. पंचेचाळीस मार्क.' पाच वर्षांची साडेसाती संपली होती. घरात सासूने देवापुढे दिवा लावला, दळणाचं प्रकरण तिला केव्हाच कळलेलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. 'ऐकून फार वाईट वाटले. हा आघात सहन करण्याची शक्ती ईश्वर आपणास देवो.'

धुरपदाबाई रडत केंद्रात आल्या. निकालात चूक झाली, विद्यापीठाने मार्क परत घेतले, असं त्यांनी धरून चाललं होतं. हातात पेढ्यांचा न उघडलेला पुडा होता.

मॅडमनी त्यांना बसवलं, निकाल पुन्हा दाखवला, मग सखाहरीकडे वळल्या. आवाज चढवणं त्यांना जमत नसे. "सखाहरी, उत्तर देण्याआधी समोरच्या माणसाचं तोंड बघा. रडत असेल तर वाईट वाटलं म्हणा. हसत असेल तर शाबास म्हणा. साधं आहे."

सखाहरीने धुरपदाबाईंचं तोंड बघितलं. त्या आता हसत होत्या. तो म्हणाला, "शाबास. असेच चालू ठेवा." धुरपदाबाईंनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. वर्षभरात पहिल्यांदाच काही जुळलं होतं, त्यामुळे हा धडा त्याच्या मनात फारच पक्का बसला.

इतका, की परीक्षेची प्रवेशपत्रं आली आणि मॅडमनी 'शनिवारपर्यंत घेऊन जावीत' असा मजकूर पाठवला, तेव्हा तो गटावर टाकण्याआधी सखाहरी सायकलवर टांग टाकून निघाला. एकशे वीस जणांची तोंडं बघायची होती. तीन दिवसांत सव्वीस बघून झाली. एका घरी माणूस दाढीला साबण लावून बसला होता. तोंड दिसेना, म्हणून सखाहरी अंगणात थांबून राहिला. शुक्रवारी मॅडमना शोध लागला की प्रवेशपत्रांचा गठ्ठा जागच्या जागी आहे आणि शिपाई गावात नाही.

"अहो, तोंड बघायचं ते उत्तर देताना," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "पाठवताना नव्हे. आता परीक्षा तोंडावर आली आहे. परीक्षेच्या उपयोगाचं काहीही हाती पडलं, की त्या क्षणी पाठवायचं. मला विचारायलाही थांबायचं नाही."

"उत्तर देताना तोंड. पाठीवताना त्या क्षनी. ध्यानात ऱ्हाईल."

मॅडमनी वही उघडून पाहिली. वर्ष संपत आलं होतं. सगळ्यात मोठा आकडा अजून शहाण्णवच होता, आणि तोही फाळक्यांच्या वडिलांचा. शंभर काही होत नव्हते. धुरपदाबाई, फाळके, सगळे सत्तर किलोमीटरवर जाणार, म्हणजे कुठेच जाणार नाहीत, हे त्यांना दिसत होतं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

परीक्षेचा पहिला दिवस उजाडला. विद्यापीठाचं भरारी पथक आलं. पथक म्हणजे प्राचार्य गुंजकर आणि त्यांचा पानाचा डबा. गुंजकर कडक माणूस. साडेनऊला त्यांनी एकशे वीस विद्यार्थ्यांचे एकशे वीस फोन एका पोत्यात गोळा केले, पोत्याचं तोंड स्वतः बांधलं, लाखेचं सील केलं, पोतं ऑफिसातल्या टेबलाखाली ठेवलं आणि त्यावर पाय ठेवून बसले. विद्यार्थी सभागृहात आपापल्या जागी बसले.

दहा वाजता केंद्राच्या संगणकावर प्रश्नपत्रिका आली. मॅडमनी एक प्रत छापली आणि सखाहरीच्या हाती दिली. "पटकन एकशे वीस झेरॉक्स काढा."

सखाहरीने कागद बघितला. वरपासून खालपर्यंत बघितला. परीक्षेच्या इतक्या उपयोगाचं काही त्याच्या हाती आजवर पडलं नव्हतं. मॅडम पाठमोऱ्या होत्या, पण विचारायला थांबायचं नव्हतंच. त्याने फोटो काढला आणि त्या क्षणी पाठवला. महत्त्वाचं होतं, म्हणून तीनदा.

गुंजकरांच्या पायाखालचं पोतं वाजायला लागलं. आधी एक कोकिळा ओरडली. मग घंटा, मग शंख, मग कुणाची तरी गणपतीची आरती, एक कोंबडा, आणि मग सगळं एकदम. पोतं थरथरायला लागलं. गुंजकर दचकून उठले. आवाज थांबला म्हणून पुन्हा बसले, तर दुसऱ्यांदा. उठले, बसले, तिसऱ्यांदा. मग त्यांनी सील तोडलं, वरचा फोन उचलला. तो धुरपदाबाईंचा होता. फोनवर अकरा वाजता सुरू होणाऱ्या परीक्षेची प्रश्नपत्रिका होती.

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षभर हाडाची काडं करून जपलेलं केंद्र त्यांच्या डोळ्यांसमोर बंद झालं.

"हे कुणी सांगितलं तुला?" गुंजकरांनी सखाहरीला विचारलं.

"म्याडमनी," सखाहरी म्हणाला. तो खोटं बोलत नसे.

गुंजकरांनी पान लावायला घेतलं. पान लावताना त्यांचं डोकं चालत असे. फोन पोत्यात होते. पोतं त्यांच्या पायाखाली होतं. विद्यार्थी सभागृहात होते. सील तोडलं ते त्यांनी स्वतः.

"मॅडम," ते म्हणाले, "ही प्रश्नपत्रिका फोनवर पाहिलेला माणूस या केंद्रात सध्या एकच आहे, तो म्हणजे मी. आणि मी काही परीक्षेला बसलेलो नाही. कुणी पाहिलीच नाही तर फुटली कशी? गटावरून काढून टाका. कागद करायला घेतला तर तुम्हाला आणि मला सहा महिने खेटे."

मॅडमनी गटावरून फोटो काढून टाकले. कुलसचिवांच्या कार्यालयाने नेहमीप्रमाणे काही वाचलेलं नव्हतं. अकराला घंटा झाली आणि पेपर सुरळीत पार पडला.

मॅडमनी सखाहरीला बाजूला घेतलं. "हे कुणाला कळता कामा नये. विद्यार्थ्यांना नाही, आणि विद्यापीठाला तर मुळीच नाही. प्रश्नपत्रिका फुटलेली नाही. कळलं?"

"कळलं म्याडम."

दुपारी विद्यार्थी आपापले फोन घेऊन घरी गेले. मॅडम आणि गुंजकर जेवायला गेले. सखाहरी एकटाच ऑफिसात विचार करत बसला. कुणाला कळता कामा नये. बरोबर आहे. पण माणसं एकशे वीस. आपल्याला कळता कामा नये, हे त्यांना कुणी कळवल्याशिवाय कळणार कसं? उद्या कुणाला चुकून कळलं म्हणजे? आणि परीक्षेचीच गोष्ट, थांबून चालायचं नव्हतं.

त्याने लिहिलं, 'आज सकाळी गटावर प्रश्नपत्रिका टाकली होती. नंतर काढून टाकली. ती फुटलेली नाही. गुंजकर सरांनी पोत्याचे सील तोडले. हे कुणाला कळता कामा नये. विद्यार्थ्यांना नाही, विद्यापीठाला तर मुळीच नाही.'

तीनदा टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आकडा बघितला, पुन्हा बघितला आणि वहीत लिहिला. एकशे वीसपैकी एकशे वीस. शिवाय वर्षभरात पहिल्यांदाच कुलसचिवांचं कार्यालय.

आठ दिवसांनी विद्यापीठाची दोन पत्रं आली. एकाच इमारतीतून, एकाच तारखेची, फक्त मजले वेगळे. मॅडम टेबलाशी बसल्या. सखाहरी समोर उभा राहिला.

पहिलं पत्र योजना विभागाचं होतं. पिंपरूळ केंद्रात एकाच दिवशी शंभर टक्के विद्यार्थ्यांनी संदेश वाचल्याचं आढळलं आहे. असं विद्यापीठाच्या इतिहासात कुठल्याच केंद्रात झालेलं नाही. सबब केंद्र कायम ठेवण्यात येत आहे. मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. धुरपदाबाईंना आता जिल्ह्याला जावं लागणार नव्हतं. मॅडमना रडू फुटलं. वर्षभराचं साठलेलं सगळं डोळ्यांतून वाहायला लागलं आणि त्यांनी ते वाहू दिलं.

सखाहरीने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं.

दुसरं पत्र परीक्षा विभागाचं होतं. प्रश्नपत्रिका फुटल्याचं केंद्रानेच लेखी आणि तीन वेळा कळवल्यावरून परीक्षा रद्द करण्यात येत आहे. फेरपरीक्षा याच केंद्रात महिन्याभराने होईल. केंद्रप्रमुख, संदेश-सहायक आणि पथकप्रमुख यांनी सात दिवसांत खुलासा करावा. मॅडमनी ते वाचलं. डोळे पुसता पुसता त्यांना हसू आलं. आधी हळू, मग आवरेना. त्या टेबलावर डोकं टेकून हसत राहिल्या.

सखाहरीने पुन्हा त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं.

दोन्ही पत्रांच्या खाली एकच ओळ होती, 'पत्र पोहोचल्याचे उलट संदेशाने त्वरित कळवावे.' मॅडम तोंड धुवायला गेल्या. सखाहरीने फोन हातात घेतला. आता त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती. वर्षभरात तो सगळं शिकला होता.

योजना विभागाला त्याने लिहिलं, 'केंद्र कायम राहणार असल्याचे समजले. ऐकून फार वाईट वाटले. हा आघात सहन करण्याची शक्ती ईश्वर आपणास देवो.'

परीक्षा विभागाला लिहिलं, 'प्रश्नपत्रिका फुटल्याचे पत्र मिळाले. शाबास. असेच चालू ठेवा. केंद्राला तुमचा अभिमान आहे.'

दोन्ही मेसेज गटावर टाकले, कुलसचिवांच्या कार्यालयासकट. महत्त्वाचे होते, म्हणून तीनदा. मग वही उघडली आणि पेन्सिल घेऊन आकड्याची वाट बघत बसला.